अडीच किलोची रायफल

१ ऑगस्ट २०२४ ची दुपार. बुऱ्हाणपुरात, राजपुऱ्यातल्या आमच्या घरात टीव्हीसमोर चौघं बसलो होतो: आई, धाकटा भाऊ, त्याची सातवीतली मुलगी आणि मी. पॅरिस ऑलिंपिकमधली ५० मीटर थ्री पोझिशन रायफलची अंतिम फेरी चालू होती. स्वप्निल कुसळे उभा राहून नेम धरत होता आणि आमच्या घरात कुणी पाणी प्यायलाही उठत नव्हतं.

खरं तर आदल्या दिवशी आमचा जीव दुसऱ्याच माणसात अडकला होता. ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर हा खरगोन जिल्ह्यातल्या रतनपूरचा, म्हणजे आमच्या निमाडातला. भोपाळच्या राज्य नेमबाजी अकादमीत घडलेला. हांगझोच्या एशियाडमध्ये ऐश्वर्य, स्वप्निल आणि अखिल श्योराण या तिघांनी मिळून सांघिक सुवर्ण आणलं होतं. पॅरिसच्या पात्रता फेरीत स्वप्निलला ५९० आणि ऐश्वर्यला ५८९ गुण मिळाले. स्वप्निल सातवा येऊन अंतिम आठांत गेला, ऐश्वर्य अकरावा राहिला. एका गुणाने! बुऱ्हाणपूरच्या मराठी घरात त्या रात्री आनंद आणि हळहळ एकाच ताटात वाढली गेली. दुसऱ्या दिवशी कांबळवाडीच्या स्वप्निलने ४५१.४ गुणांवर कांस्यपदक घेतलं तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली. पुतणी मात्र टीव्हीकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "काका, आपल्या लूमच्या शेडमध्ये दहा मीटर जागा आहे ना?"

होती. घरामागची शेड चौदा मीटर लांब आहे. वडील असताना तिथे सहा यंत्रमाग चालायचे. बुऱ्हाणपुरात लूमचा खडखडाट हा घड्याळासारखा असतो, तो थांबला की माणसाला जाग येते. आमचे थांबले त्याला आता बरीच वर्षं झाली. माग भंगारात गेले. उरली ती लांबट रिकामी जागा, कौलांतल्या दोन काचांतून पडणारा उजेड, आणि कोपऱ्यात सुताच्या चिंध्यांची दोन पोती. शेडची मागची भिंत जुन्या विटांची, चांगली हातभर जाड. पलीकडे वस्ती नाही, आमचाच बंद पडलेला गोठा. पोरीच्या प्रश्नाला नाही म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं. आणि मला म्हणायचंही नव्हतं. लहानपणी तापीकाठच्या बालाजीच्या मेळ्यात मी वडिलांकडून मिळालेले सगळे पैसे फुगे फोडायच्या बंदुकीवर घालवायचो. ती बंदूक डावीकडे मारते हे कळायला मला दोन मेळे लागले होते. ते कळल्यावर फुग्याच्या उजव्या काठावर नेम धरून मी ओळीने पाच फुगे फोडले, तो आनंद अजून हातात आहे.

तर रायफल घ्यायची ठरली. मौजेसाठी, घरच्या घरी, कागदावर नेम धरायला. कुठली घ्यायची हे ठरायला मात्र चार महिने गेले, आणि त्या चार महिन्यांत मी जे शिकलो ते आधी कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं. म्हणून हे लिहितो आहे.

पहिला विचार पॉइंट बावीसचा आला. टीव्हीवर पाहिलेली रायफल तीच होती. पण .२२ म्हणजे बारुदाचं काडतूस, म्हणजे बंदूक, म्हणजे शस्त्रपरवाना, जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, पोलिसांची चौकशी. शिवाय आमचा जिल्हा गावठी कट्ट्यांच्या बातम्यांनी आधीच बदनाम. इथे कुणाच्या घरी बंदूक आली की गल्लीत कुजबुज सुरू होते. हे सगळं सोसलं तरी .२२ ची गोळी कित्येकशे मीटर जाते, ती शेडमध्ये झाडायची वस्तूच नाही. तो विचार आठवड्यात सुटला.

उरली छर्‍याची बंदूक. इथे कायदा मोकळा आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ज्या एअर रायफलीचा बोअर .१७७ इंचांपर्यंत, म्हणजे साडेचार मिलिमीटरपर्यंत आहे आणि जिची ताकद २० ज्यूलच्या पुढे जात नाही, तिला परवाना लागत नाही. मी शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे २० ज्यूल म्हणजे किती ते काढून बघितल्याशिवाय राहवलं नाही. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे २८० मीटर वेगाने निघाला तर २० ज्यूल होतात. आणि ऑलिंपिकमधली १० मीटरची एअर रायफल? तिचा छर्रा सेकंदाला जेमतेम १७०-१७५ मीटरने जातो, सात-आठ ज्यूलमध्ये काम होतं. २००८ मध्ये अभिनव बिंद्राने बीजिंगला सुवर्ण मिळवलं ते एवढ्याशा ताकदीवर. हा आकडा मी वहीत लिहून ठेवला होता. तरी दुकानात गेल्यावर विसरलोच.

इंदूरच्या त्या दुकानात एका भिंतीवर वीस-पंचवीस रायफली टांगल्या होत्या. विक्रेत्याने खोक्यावरचा आकडा दाखवला: सेकंदाला हजार फूट. दुसरी काढली, तिच्यावर त्याहून मोठा आकडा. प्रत्येक रायफलीबद्दल तो वेगच सांगत होता. वजन किती, चाप किती जड, पोरीच्या खांद्याला दस्ता बसेल का, यातलं त्याने काही विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. मीही माणूसच, मोठा आकडा बघून भुललो. त्यात समोर ठेवलेली रायफल देखणी होती, काळी, जाड नळीची, वर दुर्बीण बसवलेली. पैसे देणारच होतो. पण भावाने फोनवर सांगितलं, आधी मामांना विचार.

आमचे मामा वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले. भुसावळजवळचा हा कारखाना लष्करासाठी काडतुसं बनवतो. मामांनी तिथे उभं आयुष्य तपासणीच्या टेबलावर काढलं. त्यांना मी खोक्यावरचा आकडा सांगितला. ते म्हणाले, "वेग कितीही असू दे भाच्या, प्रत्येक वेळी तेवढाच आहे का ते बघ. आणि पोरीच्या हातात ती किती वेळ राहील ते बघ. उचलवत नसेल तर वेगाचं काय करशील?"

त्याच आठवड्यात रावेरच्या एका मित्राने स्वतःची जोरदार स्प्रिंगची रायफल दोन दिवसांसाठी दिली. हे त्याचे आमच्यावर मोठे उपकार आहेत. घरात केळीच्या वखारीतला ताणकाटा होता, आम्ही त्यावर ती टांगली. दुर्बिणीसकट चार किलोला थोडी कमी. चार किलो म्हणजे काय, पोरगी दप्तर याहून जड नेते, असं वाटेल. पण दप्तर पाठीवर असतं. रायफल शरीरापुढे धरायची असते, डाव्या हातावर, आणि हलू न देता. पुतणीने पहिले तीन नेम ठीक धरले. चौथ्याला नळीचं टोक खाली झुकायला लागलं, सहाव्याला ती म्हणाली, "काका, हात थरथरतोय." मग ती बसली आणि पुन्हा उठलीच नाही.

त्यापेक्षा मोठी अडचण नळी मोडण्याची. या जातीच्या रायफलीत नळी बिजागरीवर खाली ओढायची, म्हणजे आतली स्प्रिंग दाबली जाते आणि दट्ट्या मागे जाऊन अडकतो. मग नळीच्या मागच्या तोंडाशी छर्रा बसवायचा, नळी परत मिटायची. चाप ओढला की दट्ट्या सुटतो, पुढची हवा आवळतो आणि ती हवा छर्‍याला ढकलते. म्हणजे प्रत्येक बारासाठी ताकद माणसाच्या दंडातून जाते. आम्ही नळीच्या टोकाला दोरी बांधून ताणकाट्याने ओढून बघितलं. काटा अठरा किलोवर गेला तेव्हा कुठे कट्ट आवाज आला. पोरीला दोन्ही हातांनी, गुडघ्यावर दस्ता टेकवूनही जमेना. मला जमलं, पण पंचवीस बारांनंतर उजवा खांदा बोलायला लागला. चाळिशीनंतरच्या खांद्याला हे काम रोज सांगता येत नाही. म्हणजे रायफल हलकी हवी याचे दोन अर्थ आहेत. उचलायला हलकी, आणि भरायला हलकी. दुकानातल्या खोक्यावर पहिला आकडा बारीक अक्षरांत असतो, दुसरा मला कुठेच सापडला नाही.

मग मी उलट टोकाला गेलो. हलकी म्हणजे हलकीच! एका ओळखीच्या घरून दोन किलोच्या आतली, पण तशीच जोरदार रायफल बघायला आणली. उचलायला पिसासारखी. पण नेम लागेना. माझा नाही, भावाचा नाही, कुणाचाच नाही. दहा मीटरवर पाच छर्रे पाच गावांना. कारण शोधायला मला दोन संध्याकाळी लागल्या आणि ते कळलं तेव्हा सगळा गुंता सुटला. दट्ट्या पुढे सुटतो तेव्हा रायफल मागे ढकलली जाते. पुढच्याच क्षणी दट्ट्या हवेच्या गादीवर आपटून थांबतो तेव्हा रायफल पुढे ओढली जाते. हे दोन्ही हिसके छर्रा नळीत असतानाच बसतात. रायफल जड असेल तर ती हे हिसके पोटात घालते. हलकी असेल तर उडते. म्हणून हलकी रायफल घ्यायची असेल तर तिची स्प्रिंगही मवाळ हवी. जोर आणि हलकेपणा दोन्ही हवं म्हणणारा नेम गमावतो. ऑलिंपिकमधल्या एअर रायफलीला साडेपाच किलोपर्यंत वजन चालतं आणि नेमबाज ते वापरतातही, कारण जड वस्तू स्थिर राहते. पण त्यांच्या अंगावर ते वजन तोलणारं जाड जाकीट असतं आणि मागे रोजचा सराव असतो. शिवाय त्या रायफलींत हवा आधीच टाकीत भरलेली असते, स्प्रिंगचा हिसका नसतो, आणि किंमत लाखाच्या पुढे जाते. आमच्या शेडसाठी ते नव्हतं.

आता काय शोधायचं ते स्पष्ट झालं. अडीच किलोच्या आसपास वजन. नळी ओढायला दहा-अकरा किलोहून जास्त जोर नको. वेग कमी चालेल. दस्ता आखूड. दुर्बीण नको, नळीच्या टोकावरची लोखंडी माशी आणि मागचा खाचेचा नेम पुरे. दुर्बीण नको म्हणण्याचं कारण वजनाचंच नाही. स्प्रिंगच्या त्या पुढे-मागे हिसक्याने स्वस्त दुर्बिणीच्या आतल्या काचा ढिल्या होतात, रावेरच्या मित्राच्या दुर्बिणीचं तेच झालं होतं. आणि पोरीने आधी डोळा, माशी आणि ठिपका एका रेषेत आणायला शिकावं असं मला मनापासून वाटत होतं. दुर्बिणीत ते शिक्षण होत नाही.

जुनी जर्मन डायना मिळाली असती तर घेतली असती. मागच्या पिढीच्या कितीतरी घरांत छर्‍याची बंदूक म्हणजे डायना, वस्तूचं नाव तेच. एका वयस्कर डॉक्टरांकडे मी ती हाताळली. लाकडाचा बारीक दस्ता, चापाला लोण्यासारखी ओढ. पण ती त्यांच्या वडिलांची आठवण होती, आणि मागायची माझी इच्छाही झाली नाही. शेवटी देशी बनावटीची, नळी मोडायची, साध्या लाकडी दस्त्याची एक रायफल सापडली. ताणकाट्यावर दोन किलो साडेचारशे ग्रॅम. नळी ओढायला साडेदहा किलो. दुकानदार (हे दुसरं दुकान) आधी म्हणाला, "ही पोरांची आहे, तुम्ही मोठी घ्या." मी म्हटलं, पोरांचीच हवी. त्याने आधार कार्डाची प्रत घेतली, वहीत नोंद केली, पावती दिली. ती पावती मी रायफलीच्या खोक्यातच ठेवतो.

घेताना पुतणीला बरोबर नेलं होतं, आणि हे प्रत्येकाने करावं. दस्त्याचं टोक कोपराच्या आतल्या वळणात टेकवायचं, हात नव्वद अंशांत वाकवायचा आणि बोट चापावर सहज पोचतं का बघायचं. मोठ्या रायफलीवर तिचं बोट चापापासून दोन बोटं मागे राहत होतं, त्यामुळे ती गाल दस्त्यावर नीट ठेवू शकत नव्हती आणि मान ताणत होती. या रायफलीवर बोट बरोबर बसलं. चाप किती जड हेही तिलाच ओढून बघायला लावलं. चाप जड असेल तर शेवटच्या क्षणी सगळा पंजा आवळला जातो आणि धरलेला नेम चापच बिघडवतो.

शेडमध्ये जागा तयार करताना मात्र माझ्याकडून चूक झाली. लांबी फुटपट्टीने मोजली, दहा मीटरवर रेघ ओढली, लक्ष्य जमिनीपासून १.४ मीटरवर लावलं, सगळं नियमाप्रमाणे. आणि लक्ष्याच्या मागे जाड प्लायचा तुकडा उभा केला. तिसराच छर्रा प्लायवर आपटून उलटा आला आणि माझ्या चपलेशेजारी टप्पा खाऊन गेला. पुतणी माझ्या मागे उभी होती. त्या दिवशी मी रायफल कपाटात ठेवून कुलूप घातलं आणि आठ दिवस काढली नाही. कठीण आणि लवचीक वस्तू छर्‍याला परत फेकते हे मला आधीच सुचायला हवं होतं. उपाय कोपऱ्यातच पडला होता. भावाने देवदाराच्या फळ्यांची, हातभर खोल पेटी बनवली, तळाला लोखंडी पत्रा बसवला, आणि आत सुताच्या चिंध्या ठासून भरल्या. छर्रा चिंध्यांत शिरतो आणि तिथेच निजतो. महिन्याने पेटी उघडली तर आत शिशाची मूठभर चेपलेली फुलं निघाली. तेव्हापासून शेडमध्ये पाऊल टाकणाऱ्याने चष्मा घालायचा, प्लॅस्टिकचा जाड, वेल्डिंगवाल्याकडे मिळतो तो. नेम धरणाऱ्याच्या पुढे कुणी जायचं नाही. नळी मोडलेली असेपर्यंत एका हाताने घट्ट धरायची, कारण ती सुटली तर बोट तोडते. रिकामी रायफल कधी झाडायची नाही, छर्रा नसला की दट्ट्या थेट लोखंडावर आपटतो. पोरांच्या हातात ती फक्त माझ्यासमोर. आणि छर्रे शिशाचे असल्याने हात साबणाने धुतल्याशिवाय आई कुणाला चिवड्याच्या डब्याजवळ येऊ देत नाही.

शेजारच्या तिन्ही घरांत मी स्वतः जाऊन सांगितलं. शेडमध्ये नेऊन दाखवलं. आवाज किती येतो ते त्यांच्या ओट्यावर बसून ऐकवलं: दार आपटल्याएवढा. जिथे कधीकाळी सहा लूम चालायचे तिथल्या शेजाऱ्यांना त्याचं काही वाटलं नाही.

छर्‍यांची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण तिथे मामांचं म्हणणं खरं ठरलं. मी तीन प्रकारचे डबे आणले. टोकदार, गोल डोक्याचे आणि सपाट डोक्याचे. टोकदार दिसायला तीरासारखे, पोरांना तेच आवडले. पण कागदावर ते पसरले आणि भोकाच्या कडा फाटल्या, त्यामुळे गुण मोजता येईनात. सपाट डोक्याचा छर्रा कागदाला पंच मारल्यासारखं स्वच्छ गोल भोक पाडतो, म्हणूनच स्पर्धेत तोच वापरतात. मामा एका रविवारी आले, सोबत सोनाराकडचा छोटा काटा घेऊन. एका स्वस्त डब्यातले वीस छर्रे त्यांनी एकेक करून तोलले, आणि जड-हलके वेगळे केले. मग थोड्या महाग डब्यातले तोलले. ते जवळपास सारखे होते. पाच-पाच बार केले. पहिल्या डब्याच्या पाच भोकांवर बशी ठेवावी लागली असती. दुसऱ्याची पाचही भोकं दहा रुपयांच्या नाण्याखाली झाकली गेली, म्हणजे २७ मिलिमीटरच्या आत. रायफल तीच, माणूस तोच, उजेड तोच. मामा काही बोलले नाहीत, नाणं तेवढं पुतणीच्या हातात दिलं. ते नाणं आता शेडच्या खिडकीत असतं, आणि पाच बार झाले की जो तो ते कागदावर ठेवून बघतो. स्पर्धेच्या कागदावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि सगळी वर्तुळं मिळून साडेपंचेचाळीस मिलिमीटर. त्या मापाने आमचं नाणं फार ढोबळ. पण आमच्या घरातला आनंद त्या नाण्याएवढाच आहे, आणि तो रोज मिळतो.

एक प्रसंग मला टाळता येत नाही. गल्लीतली दोन मुलं एका संध्याकाळी आली. शेडच्या वाशावर होले बसतात, त्यांतला एक पाडू या, असं त्यांचं म्हणणं. मी नाही म्हटलं, आणि नुसतं नाही म्हणून चालणार नाही हेही कळत होतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे हे सांगितलं. त्याने त्यांचे चेहरे पडले, पण मन पडलं नाही. मग पक्षीशास्त्रज्ञ सालिम अलींची गोष्ट सांगितली. लहान असताना मुंबईत त्यांनी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कुठली चिमणी, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, तिथे मिलार्ड नावाच्या साहेबांनी तिची ओळख सांगितली, कपाटं उघडून इतर पक्षी दाखवले, आणि त्या पोराचं उभं आयुष्य पक्ष्यांकडे वळलं. मुलांनी विचारलं, मग आपणही पाडून बघू या का कुठली आहे? मी म्हटलं, पाडायची गरज नाही, आज त्यांनीच लिहिलेलं पुस्तक आहे, ते मी तुम्हाला देतो. पुस्तक दिलं. एका मुलाने ते अजून परत आणून दिलेलं नाही. दुसरा आता शेडमध्ये येतो, कागदावर नेम धरतो, आणि वाशावरचे होले किती अंडी घालतात ते मला सांगतो.

हे सगळं ज्या गावात चाललंय तिथे शिकारीचा इतिहासच मोठा. तापीपलीकडे जैनाबादला आहुखाना आहे. आहू म्हणजे फारसीत हरीण. मुघलांनी तिथे हरणं राखली होती, शहजाद्यांच्या शिकारीसाठी. १६३१ मध्ये मुमताज महल बुऱ्हाणपुरात वारली तेव्हा तिला आधी त्याच बागेत ठेवलं, नंतर आग्र्याला नेलं. मी पुतणीला तिथे घेऊन गेलो होतो. पडक्या भिंती, गवत, आणि आंब्याच्या सावलीत शेळ्या. तिने विचारलं, "इथे हरणं होती तर मग आता कुठे आहेत?" मला उत्तर देता आलं नाही. परत येताना पुलावर ती म्हणाली, कागदच बरा.

सगळ्यांत अनपेक्षित गोष्ट आईची. आई अडुसष्ट वर्षांची. तिने शेडमध्ये तीस वर्षं कांड्या भरल्या. सुताचं टोक तुटलं की दोन बोटांत धरून, श्वास रोखून गाठ मारायची, माग थांबू न देता. डिसेंबरातल्या एका सकाळी ती चहा द्यायला आली आणि म्हणाली, "दे बघू इकडं." जड रायफल असती तर तिने ती मागितलीच नसती. मी नळी मोडून छर्रा भरून दिला, तिने खुर्चीवर बसून, कोपर टेबलावर टेकवून नेम धरला. मी सांगत होतो की घट्ट धरू नकोस, स्प्रिंगच्या रायफलीला आवळून धरलं तर ती उलट उडते, हातावर नुसती ठेवायची, तिला तिच्या मनाने हलू द्यायची. हे मला महिनाभर जमत नव्हतं. आईला सांगावंच लागलं नाही. ती म्हणाली, "अरे, सूत धरल्यासारखं धरायचं ना." पाच छर्रे. दोन कागदाबाहेर, तीन एकमेकांना चिकटून.

पुतणी आता आठवीत गेली. उंची वाढली, दस्ता तिला आखूड पडायला लागला. चपलेच्या दुकानातून रबराचा तुकडा आणून मागच्या टोकाला दोन सेंटिमीटरची गादी बसवली आहे, वर्षभर ढकलता येईल. शाळेच्या स्पर्धेत उतरायचं तिच्या मनात आहे, आणि भोपाळच्या अकादमीची निवड कशी होते ते तिने मला विचारायला लावलं आहे. तिथे गेली तर तिच्या हातात साडेचार-पाच किलोची रायफल येईल, जाकीट येईल, आणि तिला सगळं नव्याने शिकावं लागेल. तोवर ती रोज संध्याकाळी वीस छर्रे झाडते, मोजून. एकविसावा मागितला तर मी देत नाही, कारण थकल्यावर लागलेली सवय मोडायला फार वेळ जातो.

गेल्या रविवारी दुपारी वीज गेली होती. कौलांच्या काचेतून उन्हाची पट्टी बरोबर कागदावर पडली होती. आईने स्वतःहून चष्मा पुसला, खुर्ची ओढली. भावाने नळी मोडून दिली. चार भोकं नाण्याखाली गेली, पाचवं काठाला अर्धं बाहेर. आईने नाणं उचललं, थोडं सरकवून ठेवलं, पुन्हा बघितलं. पाचवं बाहेरच होतं. तिने पुतणीला सांगितलं, दुसरा कागद लाव.